संदर्भ क्रमांक सतरा

कुबल एस. व्ही., १९८३, पान २१२.
पुढच्याने लिहिलं कुबाल. त्याच्या पुढच्याने पान २२१.
एकाने तर मालवणचं मंगलोर केलं.
वाक्य मात्र सगळ्यांचं तेच:
पाकटाचा काटा लागलेले चौदा रुग्ण,
गरम पाण्याने सर्व बरे.

माझं काम एवढंच, छपाईआधी
लेखाखालची बारीक अक्षरं तपासायची.
संदर्भामागे वीस रुपये.
मूळ लेख कुणी उघडत नाही. मीही नाही.
या वेळी गाव माझं होतं.

धुरीवाड्यात डॉक्टरांच्या मुलीने
लोखंडी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास,
समास कसरीने खाल्लेले,
पान २१२ शाबूत.
तक्त्यात चौदा ओळी:
वय, पाय की हात, काटा किती खोल,
पाणी किती वेळ, ठणका कधी थांबला.
तेराव्यापर्यंत रकाने भरलेले.
चौदावा पुरुष, वय एकोणीस, डावी पोटरी.
पुढे इंग्रजीत एवढंच:
पुन्हा आला नाही. पुढचं ठाऊक नाही.

ठाऊक नाही.
छापील लेखात असं लिहायला छाती लागते.
आणि चाळीस वर्षांत बावीस लेखांनी
त्याला न बघताच बरा केला,
लिलावात वरची सुरमई बघून
कुणी अख्ख्या टोपलीचा भाव बोलावा, तसा.

दांडीवर विचारत गेले.
रापणीचा दोर ओढणारे हसले. नाव काय त्याचं?
नाव तक्त्यात नसतं.
म्हातारे जयवंत पराडकर जाळ्यातून डोकं न काढता म्हणाले,
"तेवा पोरगे मालप्याक जायत.
कोण परत येय, कोण नाय."
मी उगाच त्यांच्या डाव्या पोटरीकडे बघितलं.
व्रण होता, पण उजवीवर.

लेखकाला कळवलं:
'सर्व' खोडा. 'तेरा' लिहा. चौदाव्याचा पत्ता नाही.
पाच मिनिटांत उत्तर:
ठीक. पण याने निष्कर्ष बदलत नाही ना?

नाही बदलत.
पाणी गरमच घ्यायचं, सोसेल तेवढं.
फक्त कुणीतरी एकोणीस वर्षांचा
डावा पाय ओढत
त्या वाक्यातून बाहेर निघाला,
ओहोटीच्या ओल्या वाळूवरून,
कुठे, ते ठाऊक नाही.

कुबल. मालवण. २१२.
वीस रुपये.
अठराव्याचा मूळ लेख मागवला आहे.