तीनशे चाळीस ग्रॅम

वजनाची वही माझ्याकडे असते.
रिव्हेट, वॉशर, रंगाचा दुसरा हात,
सगळं माझ्या दारातून तोलून आत जातं.
हे ट्रेनर जेट जन्माला येण्याआधी
साडेचार वर्षं माझ्या वहीत रांगत होतं
आणि दर महिन्याला अंगानं भरत होतं,
जे त्यानं मुळीच करायचं नसतं.

प्रागच्या उत्तरेला आमचा हँगर, मागे रेप्काची शेतं,
मे महिन्यात इतकी पिवळी
की ड्रॉइंगवाले पडदे ओढून घ्यायचे.
आत पोलादी चौकटीत एक पंख
रात्रंदिवस वर-खाली वाकवला जायचा.
त्याला कधीच उडायचं नव्हतं,
फक्त म्हातारं व्हायचं होतं, बाकीच्यांच्या आधी.
हनुशोवा बाईंच्या पोल्ट्रीतून मेलेल्या कोंबड्या यायच्या,
तोफेत भरून कॅनोपीच्या काचेवर मारायला.
बाईंना आम्ही सांगितलं होतं, कँटीनसाठी.

द्राहोमीरा श्क्वोरोवा मागच्या सीटचं काम बघायची.
पुढे शिकणारा, मागे शिकवणारा,
मागचा वीतभर उंच,
पुढच्याच्या हेल्मेटवरून धावपट्टी दिसावी म्हणून.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा:
आमच्या धंद्यात ही म्हण चालत नाही.
पुढच्याला ठेच लागली
की मागचाही त्याच खड्ड्यात.

मीटिंगमध्ये भांडण एकच:
या विमानानं चूक किती पोटात घालायची?
फार घातली तर पोरं लाडावतात,
आणि उद्या ती ज्या विमानात बसतील
त्याला पोटच नसतं.
(पंखांखाली हार्डपॉइंट आहेत.
त्यांच्याबद्दल कुणी फार बोलत नाही.
वजन मात्र लिहिलेलं आहे.)
आणि कमी घातली तर...
वाक्य तिथंच तुटायचं, कुणीतरी कॉफी ओतायचं.

मग एका मंगळवारी तिच्या ड्रॉइंगवर दोन कड्या आल्या.
मागच्या कॅनोपीच्या चौकटीला, डावी-उजवीकडे,
मुठीत मावतील एवढ्या. काम काही नाही.
मिळून तीनशे चाळीस ग्रॅम.
मी खोडल्या.
पुढच्या आवृत्तीत परत आल्या, शेजारी लिहिलेलं: चढण्यासाठी.
चढायला शिडी आहे, मी लिहिलं, आणि खोडल्या.
तिसऱ्या वेळी ती स्वतःच आली, हातात कागद नव्हता.

तिचे वडील जुन्या ट्रेनरवर एकवीस वर्षं मागे बसले.
घरी जेवतानासुद्धा, ती म्हणाली,
हात मांड्यांखाली दाबून बसायचे,
माझा सूपचा चमचा कलंडताना दिसत असूनही.
स्टिक हिसकावून घेणं सोपं, ते म्हणायचे.
पोराच्या हातात ती राहू द्यायची,
तीन सेकंद, चार, खाली जमीन गरगरत असताना,
तर आपले हात कुठंतरी ठेवावे लागतात.
एकदा त्यांनी लवकर घेतली.
तो पोरगा पुन्हा कधी मोकळ्या हातानं उडला नाही.
एकदा उशीर झाला.
त्याबद्दल ती बोलली नाही,
नखानं माझ्या टेबलाची कड खरवडत राहिली.

ती गेल्यावर मी वही उघडली.
नाकातल्या एका ब्रॅकेटला भोकं पाडून घेतली,
एका झाकणाचा रंग एका हातावर आणला,
उरलेले एकोणीस ग्रॅम कुठून काढले
ते सांगणार नाही.

पहिल्या उड्डाणाला मागे माणूस बसवत नाहीत.
वाळूच्या पिशव्या बांधल्या,
चौऱ्याऐंशी किलो, मीच तोलल्या.
बोझेतेख पुढे एकटा,
अंगठा दाखवायचंही विसरला.
आवाज शेतांवरून गेला, पिवळं सगळं एका अंगाला झुकलं,
आमचे लोक माना वर करून मोजत होते, काय कुणास ठाऊक.
द्राहोमीरा कुंपणाशी होती.
आकाशाकडे बघत नव्हती म्हटलं तरी चालेल.
दोन्ही हातांची बोटं तारेच्या जाळीत अडकवलेली,
घट्ट.

बावीस मिनिटांनी चाकं टेकली.
मी काटा घेऊन निघालो.
ती अजून जाळी धरून होती.