हाताला गुण

टेबल डोक्याकडे उतरतं केलेलं. मान डावीकडे.
मी पडले आहे त्या हिरव्या कापडाखाली
जिथे चाळीस वर्षं माझे रोगी पडत
आणि मी वरून म्हणत असे, हलू नका हं, जरासं टोचेल.
कापडाखाली स्वतःच्याच श्वासाचा वास कोंडतो.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाखुश्ती माझ्याच हाताखाली शिकला.
तो आता मान चाचपत नाही.
आधी थंडगार जेल,
मग पिशवीत गुंडाळलेला, साबणाच्या वडीएवढा प्रोब.
मी मात्र अजून वाट बघते आहे बोटांची.
कानामागून उतरणारा स्नायू जिथे दुभंगतो
त्या त्रिकोणात दोन बोटं,
बोटांखाली धमनीची टकटक,
आणि तिच्या बाहेरच्या अंगाला, शेजारीण असावी तशी,
शीर.
शीर दिसत नाही, शीर असते,
प्रोफेसर शाल्वा म्हणायचे.
मीही तेच म्हणत आले.

कुतैसीत त्या हिवाळ्यांत वीज नव्हती.
त्सिउरी केरोसीनचा कंदील धरून उभी राही,
तिचा हात थरथरे, मानेवरची सावली थरथरे,
माझी बोटं थरथरत नसत.
हाताला गुण आहे बाईंच्या, म्हणत लोक.

मला गुराम आठवतो. बस चालवायचा.
पहिल्यांदा सुई कोरडी आली.
दुसऱ्यांदा सिरिंजमध्ये रक्त चढलं, पण लालभडक,
आणि न ओढता, आपणहून, ठोके देत.
वीस मिनिटं दाबून धरली मान,
तरी ती कणकेसारखी फुगत गेली.
तिसऱ्यांदा, दुसऱ्या बाजूने, सापडली.
तो जगला.
त्याची बायको पाच लिटर वाइन घेऊन आली,
माझा उजवा हात कपाळाला लावला तिने.
मी तो काढून घेतला नाही.
वाइनही प्यायले. चांगली होती.

"पडदा माझ्याकडे फिरव," मी कापडाखालून म्हणते.
तो फिरवतो.
करड्या धुक्यात दोन काळी वर्तुळं.
रक्त इथे काळं दिसतं, याचीच आधी सवय करायला हवी.
तो प्रोब दाबतो. एक वर्तुळ
पेंगुळल्या डोळ्यासारखं मिटतं, ती शीर.
दुसरं मिटत नाही, धडधडत राहतं.
आणि माझी शीर शेजारी नाही.
ती बसली आहे थेट धमनीच्या डोक्यावर.
अडुसष्ट वर्षं ही मान इकडे तिकडे वळवली,
आरशात पावडर लावली हिला,
आणि हिच्या आतलं घर मला ठाऊक नाही.
माझ्याच त्रिकोणातून मीच टोचलं असतं
तर सुई आरपार.

तो थांबतो. बघतो आहे पडद्याकडे, माझ्याकडे नाही.
"टोक हरवलं ना?" मी विचारते.
"कालबातोनो, आज पेशंट तुम्ही आहात."
मला प्रोब वापरता येत नाही,
पण थांबलेला हात ओळखता येतो.
तो प्रोब केसभर कलता करतो,
पांढरा ठिपका पुन्हा उगवतो काळ्याच्या कडेशी,
काळं आत दबतं, दबतं,
आणि सोडून देतं.
टोचणं एकच.

गडद रक्त, शांत. तार जाते सुळकन.
मॉनिटरवर एक ठोका चुकतो, परत लयीत येतो.
एकदाही त्याने मला बोट लावून पाहिलं नाही.
याचं वाईट वाटावं की नाही
हे मला ठरवता येत नाही.

टाके घालून झाल्यावर तो कापडाची कड उचलतो.
"दुखलं का?"
"नाही," मी म्हणते, "राहू दे, जरा वेळ असंच राहू दे."
त्या बाईला मी कधी सांगितलं नाही
की तीन वेळा.
की दुसऱ्या वेळी मी कंदिलाकडे बघितलं होतं,
वाटलं, दोष त्याच्यावर घालता येईल.