कळल्या दिवसापासून

साठ दिवस, असं लिहिलंय परिपत्रकात.
निर्णयापासून, किंवा निर्णय कळल्या दिवसापासून.
सत्तार मुकादमने अरबीतून वाचून दाखवलं,
सोहारच्या टायपिंग सेंटरात, गळक्या एसीखालच्या बादलीशेजारी.
मूळचा दाभोळचा. चहा मागवला, म्हणाला,
'ताई, कळलं कधी ते तुम्ही सांगायचं. मी फक्त टाइप करनार.'

कधी कळलं?
प्रिंटरवर कुणाची तरी पगाराची स्लिप राहिली होती, त्या रात्री?
ग्रेड माझ्याहून दोनने वर,
आणि नाव त्या मुलाचं, ज्याला मी
सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या समोरासमोर लावायला शिकवलं.
की सहा वर्षांपूर्वी,
सुपरवायझरने अनुभवाचा रकाना ओलांडून
राष्ट्रीयत्वाच्या रकान्यावर बोट ठेवलं, तेव्हा?
तेव्हाही कळलंच होतं.
पण ते कळणं पोळी उलटताना चटका बसावा तसं:
बोट तोंडात घातलं, दुसरी पोळी टाकली.

आमचे दादा देवरुखात भिक्षुकी करायचे.
सुतकाचा हिशेब विचारायला लोक रात्री-अपरात्री कडी वाजवत.
बातमी दहा दिवसांत आली तर उरलेलेच दिवस पाळा.
त्यानंतर आली तर तीन रात्री.
फारच उशिरा आली, तर नुसती आंघोळ.
दुःखालाही मुदत असते
हे मला पाढ्यांच्या आधीपासून पाठ.
पण आधीच ठाऊक असलेलं मरण
पुन्हा कागदावरून कळलं, तर दिवस कुठून धरायचे,
हे दादांना कुणी विचारलं नव्हतं.

मग मी मोजले. स्वयंपाकघरात,
एक्सचेंजवाल्यांनी फुकट दिलेल्या कॅलेंडरवर, पेन्सिलीने.
ईदच्या सुट्टीचे पाच धरले.
अनिशला ताप होता ते आठ धरले.
भीतीचे किती, ते वेगळे काढता येईनात.
गुरुवारी एकोणसाठ. शुक्रवारी साठ,
आणि शुक्रवारी सगळं बंद.
रविवारी सकाळी मी खिडकीसमोर उभी,
बासष्टावा दिवस हातात घेऊन.

एक सांगायला हवं.
नऊ वर्षं मी नमुने परत पाठवत आले आहे.
ताटकळलेलं रक्त खोटं बोलतं:
पेशी फुटतात, पोटॅशियम चढतं,
जित्या माणसाचा रिपोर्ट मेल्यासारखा दिसतो.
लाल शिक्का. अस्वीकृत, विलंब.
वॉर्डला कारण कधी विचारलं नाही. नियम खरा होता.
म्हणून खिडकीतल्या त्या पोराचा
मला आधीपासून राग येईना.

त्याने डिशडाशाची बाही सावरली, पानं मोजली,
शिक्का उचलला. ठक्क.
निळी शाई. तारीख गुरुवारची.
सुट्टीनंतर शिक्क्याचं चाक कुणी फिरवलंच नव्हतं.
त्याला दिसलं का, ठाऊक नाही.
मला दिसलं.
प्रत्येक नळीवर मिनिटासकट वेळ लिहिणारी मी,
पोच चौघडी करून पर्समध्ये टाकली,
शुक्रन म्हटलं.
बाहेर ऊन असं, की गाडीचं हँडल धरवेना.
ओढणीने धरलं.

निकाल अजून नाही.

त्या दुपारी सात नंबर वॉर्डातून नळी आली, पाच तास जुनी.
लाल शिक्का मारला. मारायलाच हवा होता.
मग फोन उचलला, आणि पहिल्यांदाच विचारलं,
उशीर का झाला.
पलीकडे बराच वेळ नुसतं मॉनिटरचं वाजणं.
मग नर्स म्हणाली, हळू,
'शीर सापडत नव्हती.'