विरजणापुरतं

टाकीचं झाकण नेमकं कुठं आहे
हे घरात एकट्या ह्यांनाच माहीत होतं.
“शेवग्यापासून नऊ पावलं, गोठ्याच्या अंगाला”
असं एकदा बोलता बोलता सांगितलेलं,
तेही मी शेंगा निवडत असताना.

नऊ पावलं. पण त्यांची.
माझी टाकून बघितली तर कर्दळीतच संपली,
पंधरा टाकली तर गोठ्याची भिंत नाकाला.
आणि न्हाणीत पाणी घोट्यापर्यंत, गुळण्या करत.

नसरापूरहून सिकंदर मुलाणी गाडी घेऊन आला.
टाकीवर मागं पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं:
अंतर ठेवा, आपलंच आहे.
त्यानं पहार घेतली, परसातून ठोकत निघाला,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसा,
ठक, ठक, ठक,
आणि एकदम
डब्ब.
“हितं हाय, काकू.”

मुरूम सारला, झाकण उचकटलं, बाजूला झाला.
बरोबरचं पोरगं वाकून बघायला गेलं
तसं कॉलर धरून मागं ओढलं त्याला.
“उतरायचं न्हाई. वाकायचं बी न्हाई.
दिसत न्हाई, पर मारतंय.”
त्याच्या थोरल्या चुलत्याची काही गोष्ट होती.
सुरू केली, आणि तंबाखू मळत बसला.

मग बांबू आत सोडला, वर काढला,
ओल्या खुणेपर्यंत वितीनं मोजला.
“माणसं किती घरात?”
“एक.”
“एकाचं न्हाई हे.”
“दोन होतो. मागल्या दिवाळीपर्यंत.”
तो बांबू धूत राहिला जरा जास्तच वेळ.
मग म्हणाला, “अ‍ॅसिड टाकता?”

टाकते.
तेरावा झाला त्या दिवसापासून रोज टाकते.
शेवटचे चार महिने ह्यांचं सगळं अंथरुणात.
तो वास फरशीच्या सांध्यांत बसलाय असं वाटायचं,
मग अ‍ॅसिड, त्यावर फिनेल, त्यावर पुन्हा घासणी.
आलेगेले म्हणायचे, वन्संबाईंनी घर कसं लख्ख ठेवलंय.

“खालचं जितं व्हतं ते मेलं, काकू.
गाळ खाणारं कुणी उरलंच न्हाई.
म्हणून तुंबलंय.”

पंप घरघरायला लागला. पाइप अंगणात
जनावरासारखा अंग झटकत होता.
शेजारच्या हौसाक्कानं खिडकी लावून घेतली,
आणि लावलेल्या खिडकीआडून बघत राहिली.
वाकडहून लेकाचा फोन. “आई, आवाज कसला गं?”
चौदाव्या मजल्यावर बटण दाबलं की विषय संपतो,
त्याला काय सांगू. म्हटलं, काम चाललंय.

“ओढ्याला नाही ना सोडत?” विचारलं मी.
खिशातून घडी पडलेली पावती काढली, शिक्का दाखवला.
शिक्का पुसट होता. पण दाखवला.

मध्येच त्यानं पंप बंद केला.
“अरे, खाली आहे की अजून!”
“ऱ्हाऊ द्या तेवढं. विरजणापुरतं.”

मी हातात पैसे घेऊन तशीच उभी.
काय बाई हा माणूस! विरजण म्हणे.

रात्री दूध कोमट झालं.
वाटीच्या बुडाशी कालचं दही, चमचाभर.
चमचा हातात धरून मी एकटीच हसले,
मोठ्यानं, ओट्याला टेकून,
कितीतरी दिवसांनी. मग हसणं फिरलं,
डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून
वाट मोकळी झाल्यासारखं.
पदरानं तोंड पुसलं आणि दूध विरजलं.

अ‍ॅसिडची बाटली पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलीय.
न्हाणीच्या कडेला थोडी पिवळी रेघ दिसते.
दिसू दे.

सकाळी झाकणावर एक पांढरा धोंडा ठेवला
आणि शेवग्यापासून सावकाश चालत गेले.
लेकाचे पाय बापावर गेलेत, त्याला नऊच भरतील.
तरी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं,
शेवग्यापासून साडेबारा.
आईची.