नुसता काठ

नीलव्वानं दिली फांदी, कागदात गुंडाळून.
लगेच लावू नको, म्हणाली,
दोन दिवस जखम वाळू दे.
आणि माती म्हणजे माती नव्हेच हिची:
नारळाचा काथ्या, चुलीतले कोळसे,
विटेचा चुरा मूठभर.

नाव विचारलं तर म्हणाली, 'मीनिन मुळ्ळ',
आणि स्वतःच जीभ चावली.
सात पिढ्यांत मासा न शिजलेलं घर,
आणि खिडकीत हा काटा लोंबतोय.

मला मासा दिसेना.
करवतकाठी दिसली.
वडगावात सोळा वर्षं मागावर बसलेल्या बाईला
दुसरं काय दिसणार?
डावीकडे दात, उजवीकडे दात,
अंग नाही, पदर नाही,
साडी विणायची विसरून
कुणी काठच विणत सुटलेलं.

जकार्ड भंगारात गेला त्या वर्षी
तुळईला आकडा तेवढा राहिला होता.
त्याला कुंडी टांगली.
खाली फरशीनं झाकलेला खड्डा,
जिथं पाय सोडून मी बसायची.

पहिली फांदी मीच मारली.
रोज तांब्याभर पाणी, तुळशीच्या हिशोबानं.
बुडातून काळी पडली,
सडक्या काकडीसारखी बोटाला लागली.
नीलव्वानं कुंडीत बोट खुपसलं.
'नीर ब्याड गं. इष्ट साक.'
दोन बोटांत माप दाखवलं, हळदीकुंकवाएवढं.
ही जमिनीवरची नव्हेच, म्हणाली,
रानात मोठ्या झाडाच्या खांद्यावर राहते,
पण त्याचं काही खात नाही.
भाडेकरूच की, मी म्हटलं.
ती हसली. आमच्या मागच्या दोन खोल्यांचं
भाडं तिनं कधी थकवलं नव्हतं.

दुसरी जगली.
तीन वर्षं नुसती लांबत गेली,
फरशीपासून वीतभर वर येऊन थांबली.
फूल नाही.
तोवर नीलव्वा लेकीकडं गोकाकला गेली,
खोल्यांत आता मोटारसायकलचे सुटे भाग.

नवरात्राआधी एका रात्री दिवे गेले.
अंधारात आधी वास आला.
मला वाटलं शेजारी कुणी काही सांडलं.
मोबाइलचा उजेड धरला तर
त्या दातेरी काठाला
तळहाताएवढं पांढरं उघडलेलं,
बाहेरून पिवळट, 
आतून दुधासारखं.

बारा वाजून गेले होते, तरी फोन लावला.
'याक? रडूलैस काय?'
अर्धं तिचं, अर्धं माझं.
सुगंधाला कानडीत काय म्हणतात
इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं.
फोन फुलाजवळ नेला, किती वेडेपणा,
आणि म्हटलं, 'घम घम.'
पलीकडं जरा वेळ काहीच नाही.
मग तीही म्हणाली,
'हां. घमघम.'

सकाळी फूल मान टाकून होतं,
पिळून वाळत घातलेल्या धडप्यासारखं.
मी कात्री घेतली.
तीन तुकडे कोनाड्यात वाळताहेत.
एक गोकाकच्या बसनं जाईल,
कंडक्टर ओळखीचा आहे.
बाकीचे दोन कुणाला,
अजून ठरलं नाही.