पाचवी पट्टी

पहिल्या सत्रात संगणक उघडायचा नाही,
लामारा बाईंनी आल्या आल्या सांगितलं.
काळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या दोन ट्यूबा टेबलावर ठेवल्या,
म्हणाल्या, यांच्यामध्ये बारा पायऱ्या बांधा.
चढताना डोळ्याला ठेच लागता कामा नये.

चार रात्री बांधत होते.
ग्ल्दानीत, आठव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत.
पिक्रियाला झोप यावी म्हणून दिव्यावर तिचाच स्वेटर,
त्या उजेडात कळेना
मी रंग कालवतेय की अंधार.
कटर अंगठ्यात घुसला तेव्हा एवढंच सुचलं
की लाल अजून शिकवलेला नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर सारला,
डोळे किलकिले केले,
पेन्सिलीचं मागचं टोक टेकवलं :
"चौथी आणि पाचवी एका घरात राहतायत.
एकीला खोली बदलायला सांग."

मी झेस्तापोनीची. भट्ट्यांच्या गावची.
करडा मला काय शिकवणार, असा तोरा होता.
दोरीवरच्या चादरी, अंजिराची पानं,
बाबांच्या कानामागे साबणाला दाद न देणारी रेघ,
सगळं तेच. आई कपडे दोनदा झटकायची.
पण त्याला रंग कुणी म्हणत नसे.

रविवारी फोन केला. बाबा, आज आभाळ कसं आहे?
"कसं असणार? असतं तसं."
मग त्यांना पट्ट्या समजावल्या,
एक म्हणजे कोळसा, बारा म्हणजे मीठ.
पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला.
बराच वेळ नुसता वारा.
"भट्टीवर सातवी. नदीकडे नववी.
मधे एक आहे, तिला तुझ्याकडे नंबर नाही."

नोव्हेंबरात अक्षरं आली.
आमच्या लिपीत मोठी-लहान असा भेद नाही :
वाक्य राजाचं असो की उधारीचं,
सुरुवात त्याच गोल खांद्यांनी.
महिनाभर फक्त दोन अक्षरांमधली हवा मोजली.
मग मला शहरभर चुकाच दिसायला लागल्या.

गल्लीच्या तोंडाशी, तळघरात, ओमारीची भट्टी.
खिडकीत पुठ्ठा, त्यावर निळ्या बॉलपेननं गिरवलेलं : पुरी.
आमच्याकडे पावाला पुरी म्हणतात.
पहिलं अक्षर ऐसपैस मांडी घालून बसलेलं,
शेवटचं कडेला चेंगरलेलं,
बसमध्ये एका पायावर उभं असल्यासारखं.
मला पाहवेना.
दोन रात्रींत नवी पाटी केली,
अंतरं मोजून, भाजल्या कडेचा तपकिरी जुळवून.
त्सिआलानं एप्रनला हात पुसले, पाटी टांगली,
वर दोन पाव फुकट दिले, गरम,
कोटाच्या आत धरून नेले मी.

तिसऱ्या दिवशी खिडकीत पुठ्ठा परत.
"लोक विचारतात गं, ओमारीनं दुकान विकलं का?
भाव वाढले का?
तुझी पाटी आत आहे. पिठावर झाकायला घेतली.
छान बसते."

मी हसले. गल्ली संपेपर्यंत हसले.
त्याच्या पुढे नाही.

बाईंना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं,
"चारही बाजूंनी नीट बसते?"
हो.
"मग माप बरोबर आहे."
आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आता येता जाता मी तो पुठ्ठा उतरवून घेते, वहीत.
चेंगरलेलं अक्षर मला अजून जमत नाही.
मी काढलं की ते मुद्दाम वाकल्यासारखं दिसतं.
ज्यानं लिहिलं त्याला मधेच कळलं असणार
की जागा संपतेय,
तरी त्यानं दुसरा पुठ्ठा घेतला नाही.

पिक्रिया विचारते, दिवा किती वेळ?
थांब, पाचवी वाळतेय.
ओला करडा खोटं बोलतो.
वाळला की एक पायरी सरकतो,
वर की खाली, ते आधी सांगत नाही.