परमिट

भाऊ वीज मंडळात लाइनमन. एकतीस वर्षं.
लष्करातले निम्मे खांब त्यांच्या कमरेला ओळखायचे.
चढण्याआधी परमिट, ते सांगत.
लेखी. सही, तारीख, वेळ.
ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं,
दुसऱ्या कुणाच्या शब्दावर लाइन चालू करायची नाही,
मग सगळा मोहल्ला अंधारात बसून आई-बहीण का काढेना.

जानेवारीत, खिडकीला धुकं चिकटलेलं,
कंपूतल्या हॉस्पिटलात डॉक्टर भदौरियांनी कागद पुढे केला.
हाडांत पोचलं होतं. मॉर्फिन पुरत नव्हतं.
रात्री भाऊ विचारायचे, कोण ओरडतंय गं इतकं?
खोलीत आम्ही दोघंच.

"सुला देंगे, बस. मारेंगे नहीं."
हे त्यांनी दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा कशाला, मी विचारलं नाही.
विचारलं एवढंच: पाणी?
ओठ ओले करत राहा, म्हणाले.

दिगंबर पुण्याहून निघालेला,
झेलम भोपाळच्या अलीकडे धुक्यात उभी.
"मी येईपर्यंत थांब ना ताई. एकदा बोलू दे."
एकदा बोलणं म्हणजे किती तास ओरडणं,
हा हिशेब मला येत होता, त्याला नाही.
की मीच थकले होते?
तीन रात्री माझाही डोळा लागला नव्हता.
कुणाच्या झोपेवर सही करत होते
ते आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पहाटे, दोन कळांच्या मधे, भाऊंनाच विचारलं.
सगळं सांगितलं. परत जाग येणार नाही, तेही.
बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"परमिट तुझ्या नावावर?"
हो.
"मग ठीक."
आणि थोड्या वेळानं, "अर्थिंग विसरू नको."

म्हणून मी चपला काढल्या.
गार फरशीवर अनवाणी उभी राहून
त्यांच्या पायाचा अंगठा धरला,
औषध नळीतून उतरेपर्यंत.
कपाळावरची आठी सगळ्यात शेवटी सैल झाली.

दिगंबर आला. तासभर बोलला त्यांच्याशी.
माझ्याशी नाही.

कागदावर माझी सही आहे, वेळ आहे: पाच चाळीस.
परत केल्याची वेळ, असा रकाना
त्यात नव्हताच.

अजूनही लष्करात लाइट जाते.
शेजारची भाभी गच्चीवरून ओरडते, कब आएगी?
मी अंधारात चपला काढून ठेवते.